तिसऱ्या रविवारची हरकत

कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी, असं पाळकसाहेब म्हणाले आणि बायकांच्या बाजूला माझी विठा उठून उभी राहिली. मला आधी वाटलं पाय अवघडला असेल. गुडघ्यांचं दुखणं आहे तिला, मध्येच उठते, पदर सारखा करते, परत बसते. पण ती बसेना. हातातलं गीतांचं पुस्तक तिनं बाकावर ठेवलं, दोन्ही हात पोटाशी धरले आणि रेशनच्या रांगेत आपला नंबर आल्यावर माणूस जसा उभा राहतो तशी समोर बघत राहिली.

आता आमच्याकडं ही रीत कशी असते ते सांगतो. लग्न ठरलं की तीन रविवार देवळात दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, बाबांनो, कुणाला काही माहीत असेल तर बोला. देऊळ म्हणजे चर्च, पाळक म्हणजे तिथले पाद्री. आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं, तिकडं जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात. अंबरनाथला नवा आलो तेव्हा रिक्षावाल्याला देवळात सोड म्हणलं की तो गडी नेऊन शंकराच्या मंदिरापुढं उतरवायचा. तर ते हरकतीचं विचारणं म्हणजे एसटीतल्या कंडक्टरनं कुणी राहिलंय का विचारल्यासारखं. राहिलेला असला तरी बोलत नाही. एवढ्या वर्षांत मी तरी कुणाला उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. आणि उभी राहिली कोण, तर विठा. मंडळीच्या सभेत हात वर करा म्हणलं तरी जी शेजारणीचा हात वर झाल्यावर करते, ती.

नावं वाचली होती भगवंताची आणि अंजनीची. भगवंता माझा जुना दोस्त, आनंदनगरला आम्ही एकाच कंपनीत लागलो, मी फिटर, तो स्टोअरला. तिघं लेकरं, सगळी मार्गी लागलेली. बायको मास्तरीण होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली. अंजनी कुळगावची, उल्हासनगरला बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती, लग्न केलेलंच नाही. रिटायर झाल्यावर लोकांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, त्यात भगवंताच्या घरी जायला लागली आणि भगवंताचा ताप काही उतरेना. असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. त्याचा थोरला, संतोष, बदलापूरला असतो, तो माझ्याकडं येऊन बोलून गेला होता. "काका, आप्पांना समजवा. जेवायखायला बाई ठेवू, पाहिजे तर दोन ठेवू. लग्न कशाला पाहिजे या वयात?" मी म्हणलं, "तुझ्या बापाला विचार, मला काय विचारतो." पण प्रश्न माझ्या पण डोक्यात राहिला होता. लग्न कशाला पाहिजे?

आणि नेमकं तेच पाळकसाहेबांनी त्या दिवशी वाचलं. उन्मेषसाहेब नवे आहेत, पुण्याला शिकून आलेत, तरुण पोरांना कळावं म्हणून तिसऱ्या रविवारी ते नावांच्या जोडीला लग्नाचे उद्देश पण वाचतात. देवानं लग्न का नेमलं? एक, लेकरं व्हावीत, ती देवाच्या भयात वाढावीत. दोन, माणसानं पापात पडू नये. तीन, सुखात-दुखात एकमेकाला सोबत आणि मदत व्हावी. एक नंबरला तरुण पोरांच्या बाकावर खुसखुस झाली. दोन नंबरला तर कुणीतरी बोललंच, "आप्पा पापात सोडा, जिन्यात पडले नाही तरी मिळवली." सगळे हसले. भगवंता माझ्याशेजारीच बसला होता, नवा शर्ट, केसांना काळा रंग, तो पण हसला. अंजनीचं तोंड मला दिसत नव्हतं. आणि त्याच हसण्यावर विठा उभी राहिली.

"विठामावशी, काही म्हणायचंय का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हरकत हाय," विठा म्हणाली.

भगवंतानं माझ्या मांडीला ढोसलं. "हिऱ्या, वहिनीला काय झालं?"

"मला काय माहीत."

"तुझी बायको आहे ना?"

"तुझं लग्न आहे ना?"

पाळकसाहेब घाबरले नाहीत, त्यांचं कौतुक आहे. म्हणाले, हरकत असेल तर ऐकून घ्यायचा नियम आहे, उपासना संपली की आतल्या खोलीत बसू. विठानं मान हलवली आणि बसली. मग ते संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला लागले. आमच्यात अजून बाया एका बाजूला आणि बाप्ये एका बाजूला बसतात, मधे वाट. त्या वाटेच्या पलीकडं तीन बाक पुढं माझ्या बायकोचा आंबाडा आणि अर्धा कान दिसत होता. उठून विचारता येत नव्हतं. घरी एका खाटेवर झोपतो आम्ही, पण त्या वेळी ती मला कर्जतच्याही पलीकडं बसल्यासारखी वाटत होती.

कारण भगवंताच्या लग्नाला विठाची हरकत, हे ऐकून मला जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला वाटायचं कारण नव्हतं. विठाला बघायला पहिला गेला होता भगवंता. राहुरीकडचं तिचं गाव, मे महिना, उसाच्या पाटाला तेवढा ओलावा, बाकी सगळं पांढरं ऊन. भगवंताला एकट्याला जायची लाज, म्हणून मला नेलं. विठा पोह्यांच्या बशा घेऊन आली. भगवंता खाली बघत बसला, दाणे निवडत, आणि मी माझी बशी संपवली, मग त्याची पण संपवली. तिनं ते बघितलं. हसली नाही, नुसती आत जाऊन तिसरी बशी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवली. जाताना भगवंता म्हणाला, पोरगी चांगली आहे रे. पण त्याच्या आईला शिकलेली सून पाहिजे होती, तिनं मास्तरीण आणली. माझ्या आईला मी म्हणलं, ते राहुरीचं स्थळ मोकळं आहे. असं झालं आमचं लग्न. पुढं सगळी वर्षं, पाहुणे बसले की विठा सांगायची, "आमचे हे बघायला आले न्हवते, जेवायला आले होते." लोक हसायचे, मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो. पण हसून झाल्यावर एक खडा खाली राहायचा. भगवंता होय म्हणाला असता तर? तिला कुणी विचारलंच नव्हतं, दोघांतला कोण पाहिजे म्हणून.

मास्तरणीला पहिलं झालं तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. बारशाला, म्हणजे आमच्यात बाप्तिस्म्याला, विठा गेली, हातात चांदीचं कडं. दुसऱ्याच्या वेळी पण गेली. तिसऱ्याच्या वेळी तिनं मला सांगितलं, तुम्ही जाऊन या, मला कणकण आहे. कणकण नव्हती. डॉक्टर केले आम्ही, उल्हासनगरचे केले, दादरचे केले. सगळ्यांनी एकच सांगितलं, दोघांतही काही दोष नाही. मला वाटायचं, दोष निघाला असता तर बरं झालं असतं. मशीन बंद पडली आणि खोलून बघितली, सगळे पार्ट चांगले, तर फिटर वेडा होतो. कुठं पाना लावायचा? माझ्यात निघाला असता तर मी मान खाली घातली असती, तिच्यात निघाला असता तर मी तिला जवळ घेतलं असतं. काहीच नाही म्हणल्यावर मग उरला एकटा देव, त्याला काय खोलून बघणार? रात्री ती भिंतीकडं तोंड करून प्रार्थना करायची. ओठ हलायचे, मला पाठ दिसायची. मी कधी विचारलं नाही काय मागतेस. माहीत होतं. मी पण तेच मागायचो, पण माझं मागणं वेगळं होतं. लोक विचारतात म्हणून. आई मरताना विचारून गेली म्हणून. आपल्या मागं आपलं नाव कोण घेईल म्हणून.

पाळक बदलत गेले. दर पाळकानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि दर पाळकानं शास्त्रातल्या त्याच बाया सांगितल्या. सारेला म्हातारपणी मुलगा झाला. हन्ना देवळात रडली, तिला झाला. अलीशिबेला झाला. एकदा घरी येताना विठा रिक्षात म्हणाली, "अहो, पवित्र शास्त्रात ज्यांना होत नव्हतं त्या सगळ्यांना शेवटी झालंच हो. जिला झालंच न्हाई तिची गोष्ट कुठं असंल?" मी म्हणलं, "असेल की कुठंतरी, पुस्तक मोठं आहे." रिक्षावाला आरशातून बघत होता. मला वाटतं त्या दिवसापासून ती शास्त्र वाचताना बोट ठेवून वाचायला लागली, हरवलेलं कुणी शोधल्यासारखं.

आमच्या लग्नात राहुरीच्या म्हाताऱ्या पाळकांनी वाचलं होतं, देवानं माणसाला जोडीला साहाय्य दिलं. मी नवा नवा फिटर. मला साहाय्य म्हणजे हेल्पर एवढंच कळलं. पहिल्या आठवड्यात तिला म्हणलं पण, "तू माझी हेल्पर." ती म्हणाली, "हेल्पर काय करतो?" म्हणलं, "पाइपाचं दुसरं टोक धरतो." ती म्हणाली, "मंग पाइप कुठंय?" आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत वाजवली. तसं हसणं पुढं कमी कमी होत गेलं. भांडण नाही, काही नाही. ती घरी जीन्सचे धागे कापायची, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या शेठकडून गठ्ठे यायचे. एकदा मी शिफ्ट सोडून लवकर आलो, दार उघडंच होतं. गठ्ठा लहान पोरांच्या पँटींचा होता. एक पँट तिनं मांडीवर सरळ करून ठेवली होती आणि वितीनं मोजत होती, कमरेपासून खाली. मोजून झाल्यावर तिनं ती पँट उभी धरली, हवेत, जमिनीवर टेकवून. म्हणजे आत पोरगं उभं असलं तर जेवढं दिसेल तेवढी. मी चप्पल हातात घेऊन मागच्या मागं जिना उतरलो, खाली टपरीवर चहा घेतला, आणि खोकत खोकत परत वर गेलो.

संदेश कशावर होता ते मला विचारू नका. मी त्या आंबाड्याकडं बघत होतो. काळा होता तेव्हा त्यात ती अबोलीचा गजरा माळायची, आता करड्या लोकरीच्या गुंड्यासारखा झालाय. मला वाटत होतं, आता ती आत जाऊन सांगणार. काय सांगणार ते पण मला ऐकू येत होतं. पाळकसाहेब, या माणसाचं पहिलं लग्न माझ्याशी व्हायचं होतं, माझी लेकरं याच्या घरात राहून गेली. एवढ्या वर्षांनी कुणी असं बोलतं का? बोलत नाही. पण हरकतीला तरी कुणी उभं राहतं का? शेजारी भगवंता गुडघा हलवत होता, मला त्याचा राग यायला लागला. त्याच्या रंगवलेल्या केसांचा, त्याच्या तीन पोरांचा, आणि पोहे न खाण्याचा पण.

आतली खोली म्हणजे पाळकसाहेबांची, तिथं पेटी, तबला आणि नाताळचा मोठा तारा भिंतीला टेकवलेला असतो. तिथं आम्ही पाचजण. पाळकसाहेब, भगवंता, अंजनी, विठा आणि मी. अंजनीनं पिस्ता रंगाची साडी नेसली होती आणि ती सगळ्यात शांत होती. दवाखान्यातली सवय असेल, बाकीचे घाबरलेले असताना शांत राहायची.

"बोला मावशी," पाळकसाहेब म्हणाले.

"लग्नाला हरकत न्हाई माझी," विठा म्हणाली. "लग्न चांगलं हाय. तुमी वाचलं त्याला हाय."

"काय वाचलं मी?"

"लेकरं एक नंबरला वाचली, सोबत तीन नंबरला वाचली. पोरं हसली. आता लग्नात परत वाचणार, परत हसणार. या दोघांच्यावर ते एक नंबरचं वाचू नका."

पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "मावशी, एक-दोन-तीन म्हणजे मोठं-लहान असं नसतं. मी आपलं सलग वाचतो."

"तुमी सलग वाचता. माणसाला सलग जगता येत न्हाई, साहेब." विठाचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. "आमच्या लग्नात पण हेच वाचलं. मी एक नंबरपाशीच बसून राहिले. आज होईल, पुढच्या साली होईल. दाराकडं बघत. आणि हे शेजारी जेवत होते, झोपत होते, माझं डोकं उठलं तर चहा करून देत होते. तीन नंबर माझ्या घरात येऊन बसला होता, आणि मी त्याला पाणीसुदिक विचारलं न्हाई. केस पिकल्यावर बघितलं, अगंबाई, हे इथंच होते की. अंजनीचं तसं व्हायला नको. तिला एकदम तीनवर जाऊ द्या. एवढीच हरकत."

भगवंता चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. पाळकसाहेबांनी मान हलवली, म्हणाले, ठीक आहे, तेवढं गाळता येईल, मी विचार करतो. मला कुठं बघावं कळेना म्हणून मी तबल्याकडं बघत होतो. तेव्हा अंजनी बोलली.

"विठाताई, माझ्यासाठी उभ्या राहिलात. माझ्यासाठी असं कुणी उठलेलं नाही आजपर्यंत. पण ते वाचू द्या."

"अगं, पोरं हसतात."

"हसू द्या. ताई, दवाखान्यात किती लेकरं मी या हातांवर घेतली. पुसलं, गुंडाळलं, दुसरीच्या कुशीत दिलं. कुणी एका शब्दानं म्हणालं नाही, अंजनी, तुला पण व्हावं. घरात माझ्या लग्नाचंच कुणी काढलं नाही तर हे कोण काढणार? आता होणार नाही, ते मला कळतं, मी नर्स आहे. पण हे नवरीवर वाचतात ना? मग माझ्यावर पण वाचा. एकदा माझ्यासाठी कुणीतरी म्हणलेलं मला ऐकायचंय."

विठा तिच्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं अंजनीचा हात धरला, उताणा केला, तळवा बघितला, जसं काही तिथं त्या सगळ्या लेकरांचं ओझं दिसणार होतं.

"वाचा साहेब," विठा म्हणाली. "सगळं वाचा. माझी हरकत न्हाई. लग्नाला पोरांच्या बाकापुढच्या बाकावर मी बसते. बघते कोण हसतंय ते."

भगवंता चष्मा घालत म्हणाला, "वहिनी, माझा तर जीवच गेला होता."

"तुमचा कशाला जातोय? तुमी पोहे पण न खाणारी माणसं." आणि त्या खोलीत सगळे हसले, मी सोडून.

बाहेर ऊन चढलं होतं. मी आनंदात असायला पाहिजे होतो. बायको चारचौघात बोलली होती, हे चहा करून देत होते म्हणून. पण माझा खडा काही निघाला नव्हता. तीन नंबर, म्हणजे उरलेला नंबर. पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणाली, आता विचारणार म्हणजे कीव करून विचारणार? भाजीवालीपाशी ती थांबली, उकिडवी बसली, गवार निवडायला लागली. मी उभा. वरून मला तिचा भांग दिसत होता.

"विठे, एक विचारू?"

"विचारा. आधी पिशवी धरा."

पिशवी धरली. "भगवंताशी झालं असतं तुझं, तर लेकरं झाली असती."

तिनं मान वर केली नाही. एक शेंग मोडून बघितली, दुसरी मोडून बघितली. "झाली असती," म्हणाली. "मास्तरणीला झाली, मला का नसती?"

विचारलं होतं मीच. भाजीवाली माझ्याकडं बघत होती.

"पण ती भगवंताची झाली असती," विठा म्हणाली. "त्याच्या नाकाची. ती घेऊन काय करायचं होतं मला? नुसतं लेकरू पाहिजे असतं तर कुठलंबी चाललं असतं. मला तुमचं पाहिजे होतं." आणि भाजीवालीला म्हणाली, "अर्धा किलो दे गं, कोवळी बघून."

इतकी वर्षं ती भिंतीकडं तोंड करून मागत होती, ते मला वाटायचं बाईमाणसाचं मागणं आहे, सगळ्या बायका मागतात तसलं. ती माझं मागत होती. माझे हे सुपासारखे कान, माझं हे खादाडपण, माझं चालताना डावीकडं झुकणं, हे सगळं तिला लहान होऊन घरात फिरताना बघायचं होतं. आणि मी लोकांना दाखवायला मागत होतो, नावाला, म्हातारपणाला. मी पाळणा मागितला, काठी मागितली, पण लेकरू मी कधी मागितलंच नव्हतं. ते त्या दिवशी, नातवंडांच्या वयात, भाजीच्या पाटीपाशी, मला पहिल्यांदा पाहिजे झालं. माझ्या कानांचं आणि तिच्या हट्टाचं. ते आत्ता असतं तर रस्ता ओलांडताना कुणी धरलं असतं त्याला, तिनं की मी, एवढ्यावरून पण मला भांडावंसं वाटलं.

"चला," विठा उठत म्हणाली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. पिशवी मी या हातातली त्या हातात घेतली. तिच्या बाजूचा हात मोकळा झाला, तो मी खाली सोडून दिला, बोटं जरा उघडी ठेवून, कुणी खालून येऊन धरावीत इतकी खाली.